भिकूकाकूची चरवी

भिकूकाकूशी भांडून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. ती आरडाओरडा करत नसे. समोरच्याला पूर्ण बोलू द्यायची, मग एकच वाक्य टाकायची, आणि समोरचा घरी जाऊन दोन दिवस त्या वाक्याला उत्तर शोधत बसायचा.

आमचं गाव तळोद्याच्या अलीकडे, सपाटीवर. काकू तिथली तेलीण. नवरा हिलाल पावसाळ्यात हिवतापाने गेला. तेराव्याची पंगत उठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची लाकडी घाणी पुन्हा करकरायला लागली. बैलामागे काकू स्वतः. गावाला याचं नवल वाटलं, आणि तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर दोधूआप्पा, याला राग आला. त्याची स्वतःची घाणी दुसऱ्या गल्लीत होती. धाकट्या भावाची घाणी आणि बैल आपल्या अंगणात आणायचं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. एकट्या बाईने घाणी चालवणं शोभत नाही, असं तो पारावर रोज सांगायचा. शोभतं की नाही हे तिळाला विचारा, असं मला म्हणावंसं वाटायचं. पण आप्पा माझ्यापेक्षा वडील, म्हणून गप्प बसायचो.

शेवटी पंचांनी तोड काढली. दिवाळीत आमच्या गावचा जथा अस्तंब्याच्या डोंगरावर जायचा. तिथे अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन अजून फिरतो आणि जखमेला तेल मागतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. आमच्या गावाने नव्या तिळाचं पहिलं तेल न्यायचं, आणि तो मान हिलालच्या घराचा. पंच म्हणाले, या वर्षी त्या घरातून तेल गेलं तर घाणी जागेवर राहील. नाही गेलं, तर मान आणि घाणी दोन्ही दोधूकडे. त्या काळी बाया डोंगरावर जात नसत, तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता. काकूने पदराआडून विचारलं, "बाईनी जावाले नही, आसं कोन्ही सांगेल शे का?" तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. पंचांना तिला जथ्यात घ्यावंच लागलं.

तेल न्यायची रीत कडक होती. पायथ्याला तेलाने भरलेली पितळी चरवी एकदा डोक्यावर घेतली की वर पोहोचेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. दमलात तर घरच्याच माणसाच्या हाती द्यायची. पण मग मान त्याचा. काकूच्या घरचं दुसरं माणूस म्हणजे दोधूआप्पा. म्हणूनच तो त्या वर्षी गुडघे दुखत असताना जथ्यात आला. तिने थकून "घ्या" म्हणावं, एवढ्याचसाठी.

उजाडायच्या सुमाराला आम्ही पायथा सोडला. जथ्याचा पुढारी भिला पाटील, झेंडा माझ्या खांद्यावर. आणि पहिल्याच चढाला पंचाईत झाली. जेठासमोर भावजय तोंड उघडं ठेवत नाही, त्याच्याशी बोलतही नाही. आमच्याकडे हा नेम फार पाळला जाई. काकूने पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. अशाने तिला पायाखालचा दगड दिसणार कसा? आप्पा मिशीत हसत होता. तेवढ्यात काकू थांबली आणि डोक्यावरच्या चरवीशी बोलायला लागली.

"आयक वं चरवी, डोयावर पदर लिसन माले दगड कसा दिखी? जेठमानूस मांगे चालू दे. मी पुढे चालस."

हे खोडून काढणार कोण? नेम आप्पाचाच लाडका होता. तो मागे गेला, काकूने पदर मागे सारला आणि सगळ्या जथ्याच्या पुढे चालू लागली. डोक्यावर पाणी वाहून तिची मान लोखंडासारखी झाली होती. एक हात चरवीला, दुसरा कातळाला.

पहिलं शिखर चढलो तेव्हा दक्षिणेला तापीची रेघ दिसत होती. तिथून थेट दरीत उतरायचं आणि समोरच्या दुसऱ्या शिखरावर चढायचं. चढून कमावलेलं सगळं उतरून घालवायचं, हा त्या डोंगराचा खोडसाळपणा. दुसऱ्या शिखरावर नुसता घसारा. पाय टाकला की खडी सुटायची. बाकीचे चार पायांवर आले, काकू दोनच पायांवर. माथ्यावर सगळे पसरले, भाकऱ्या सोडल्या. काकू उभ्यानेच जेवली. चरवी टेकवता येत नव्हती आणि ती डोक्यावर घेऊन बसणं-उठणं उभं राहण्यापेक्षा अवघड. तिच्या पोटऱ्या थरथरताना मी पाहिल्या.

आप्पानेही पाहिल्या. "भिला, तिले सांग, थकी गयी व्हई ते चरवी दे म्हना. मी लई जास."

काकूने घास गिळला. "चरवी वं, त्यासले सांग, आपला गुडघा संभाया म्हना."

मी हसलो, तर भिला पाटलाने माझ्याकडे डोळे वटारले. पण त्याच्याही पोटात हसू मावत नव्हतं.

तिसरं शिखर म्हणजे उघडा काळा खडक. उन्हाने तापलेला. तिथेच आप्पाच्या मनात ते खूळ शिरलं. पुढे अस्तंब्याचा शेवटचा कडा, तिथे दोन्ही हात लागतात. आपण आधी वर जाऊन उभं राहिलं, तर ही बाई खालून आपोआप चरवी वर देईल. पण वाट एवढी अरुंद की काकूला ओलांडायचं तर अंगाला अंग लागणार, आणि जेठाने भावजयीला शिवायचं नाही. म्हणून त्याने कुणाला न सांगता बाजूची घळ धरली. दुसरा कुणीही माणूस "जरा सरक गं बाई" म्हणून पुढे गेला असता. आमचा आप्पा रीत पाळून मरायला निघाला.

शेवटचा कडा काकू जशी चढली, तसा मी तो अजून मनात चढतो. चरवीचं तोंड फडक्याने घट्ट बांधलेलं होतंच. ती कातळाला पोट लावून, बोटांनी फटी चाचपत, मान ताठ ठेवून इंचाइंचाने वर सरकली. ती काठावर चढली, आणि त्याच वेळी डावीकडून दगड गडगडल्याचा आवाज आला. आप्पा घळीच्या तोंडाशी, काठाच्या जरासा खाली लटकलेला. एका हाताने मूळ धरलेलं, पाय निसटत होते, खाली दरी. आम्ही सगळे कड्याच्या खाली, दुसऱ्या बाजूला. जवळ फक्त काकू.

चरवी खाली ठेवली की दोन्ही हात मोकळे, पण घाणी गेली. तिने चरवी ठेवली नाही. तिने खांद्यावरून लुगड्याचा पदर ओढून सोडवला, काठावरच्या अंजनाच्या खोडाला एक वेढा दिला आणि टोक खाली टाकलं. डोकं उघडं, तोंड उघडं, आणि चरवी जागच्या जागी.

आप्पाने पदराकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. खरंच फिरवलं! दरीवर लोंबकळत असताना! मला इतका संताप आला की खालून शिवी हासडली.

काकू ओरडली. लग्न होऊन आल्यापासून जेठाशी बोललेले ते तिचे पहिले शब्द. "दादा! लाज मंग दखू, पयले पदर धरा!"

त्याने पदर धरला. काकूने एक हात चरवीला लावला, खोडाला पाय रोवला आणि मागे रेलली. हात-हात करत आप्पा वर आला आणि काठावर पालथा पडून राहिला. आम्ही पोहोचलो तेव्हा ती पदर खांद्यावर घेत होती आणि तो लहान पोरासारखा धापा टाकत होता.

माथ्यावर शेंदूर लावलेल्या दगडाशी पुढाऱ्याने विचारायचं, तेल कुणाचं? आणि त्या घरच्या वडील पुरुषाने उत्तर द्यायचं, घरधन्याचं नाव घेऊन. वडील पुरुष दोधूआप्पा. त्याने तेव्हा स्वतःचं नाव घेतलं असतं तर भांडायला कुणाला जागाच नव्हती. हे काकूलाही कळत होतं. तिने चरवी डोक्यावरून उतरवून दोन्ही हातांत धरली आणि जमिनीकडे पाहत उभी राहिली.

"तेल कोनं?" भिला पाटलाने विचारलं.

आप्पाचा सोललेला हात छातीशी होता. "भिकुबाईनं," तो म्हणाला.

भिकुबाईचं तेल! जेठाने भावजयीचं नाव घ्यायचं नसतं, आणि याने ते देवासमोर घेतलं! भिला पाटलाला आपण नीट ऐकलं असं वाटेना. त्याने पुन्हा विचारलं.

"बहिरा शे का तू?" आप्पा खेकसला. "भिकुबाईनं तेल. भिकुबाईनी घाणीनं!"

काकूने फडकं सोडलं आणि सगळी चरवी देवावर उपडी केली.