सुलतानबीची पायरी

मी बसवंत. नांदेडात दुकानाच्या गाळ्यांची दलाली करतो आणि स्वतःला बाजाराचा जाणकार समजतो. समजत होतो, असं म्हणू या.

गेल्या चार-पाच वर्षांत गावाबाहेरच्या रुंद रस्त्यावर कॉम्प्लेक्स उभी राहिली. खाली मोबाईलची दुकानं, वर क्लासेस, त्याच्यावर दवाखाने. तिथली भाडी बघता बघता दुप्पट झाली आणि जुन्या बाजारातले गाळे ओस पडायला लागले. त्यामुळं नायगावची तारामती वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा विकून मॅचिंग सेंटर काढायला आली, तेव्हा मी तिला थेट नव्या रस्त्यावरच नेलं. दुकान फसलं असतं तर परत जायला तिच्याकडं शेतही उरलं नव्हतं.

येताना तिला बांगड्या भरायच्या होत्या. जुन्या बाजारात, वजिराबादच्या एका गल्लीत, बंद शटरपुढच्या पायरीवर सुलतानबी मणियारीण पंचवीस वर्षं बसते. तारामतीचा हात दाबता दाबता तिनं सगळी हकीकत काढून घेतली.

"तिथं बायका थांबतात का गं?"

"न्हाई चाची. गाड्या सुसाट जातात."

"मॅचिंगला बाई पायी येती, बेटी. चार वाजता बघ, ऊन समोर, सावली हिकडं. सगळ्या बायका ह्याच बाजूनं चालून राहिल्यात. हा माझ्या मागचा गाळा घे."

मी हसलो. पण तारामती अडून बसली, म्हणून म्हातारीला खोटं पाडायला मी तीन दिवस चार वाजता त्या गल्लीत उभा राहिलो. सुलतानबी मान वर न करता सांगायची, "आता येणारी त्या बोळापाशी थांबंल." बाई तिथंच थांबायची. सुलतानबी एकदाही चुकली नाही. मी आयुष्यभर चौरस फूट मोजले, ही बाई पावलं वाचत होती!

तारामतीनं तोच गाळा घेतला. शटर उघडलं त्या दिवशी सुलतानबीनं कुणी न सांगता आपली टोपली उचलली आणि समोर, उन्हाच्या बाजूला, छत्री लावून बसली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, याची आजही लाज वाटते.

आठवडाभर दुकानात कुणी फिरकलं नाही. तारामतीचा चेहरा उतरला. मी चार वाजता जाऊन पाहिलं आणि जागीच थबकलो. बायका सावली सोडून रस्ता ओलांडत होत्या आणि डोक्यावर पदर घेऊन, भर उन्हात सुलतानबीपुढं नंबर लावून उभ्या होत्या.

साऱ्या बाजाराची पावलं ओळखणारी ही बाई स्वतःला हिशेबात धरायलाच विसरली होती.

मी तसं बोललो, तर माझ्यावरच खेकसली, "कायबी बोलतोस! मला कोण बघून राहिलंय?"

तारामतीनं रस्ता ओलांडला आणि टोपली उचलली. "चाची, मी गाळा घेतलाय. पायरी न्हाई घेतली."

सुलतानबी कुरकुरत उठली आणि आपल्या पायरीवर येऊन टेकली. तिच्या मागोमाग हात पुढं करून उभ्या असलेल्या तिघी बायकाही आल्या. त्यातली एक पायरी चढून आत गेली आणि मोरपंखी ब्लाउज-पीस मागू लागली.

सुलतानबीनं माझ्याकडं विजयानं पाहिलं.

"म्हटलं नव्हतं, बसवंता? सावलीची बाजू हाय."