सुनेच्या कॉम्प्युटरची मी केलेली आवराआवर

सुनेच्या नोकरीच्या मुलाखतीआधी मी तिचा कॉम्प्युटर आवरून ठेवला.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. आवराआवरीला तेवढी पुरते, असा माझा समज होता. वर्षभर कोणी हात लावला नाही ती वस्तू मी घरात ठेवत नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई आमच्या गल्लीत शिरली, की आधी माझ्याच दाराशी बसते. (ह्यांचा लग्नातला कोट असाच एका गंजापायी, साध्या पातेल्यापायी, गेला. अजून बोलतात!)

वैशाली, माझी सून, मुलगी झाल्यापासून घरीच होती. पोरगी झोपली की कॉम्प्युटर शिकायची. मिहान या उद्योगनगरीतल्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं, तीही घरूनच, व्हिडिओवर. तिच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. त्यात जे काही बसवलेलं असतं त्या प्रत्येकाला पॅकेज म्हणतात. सगळी पॅकेजं एका यादीत दिसतात आणि प्रत्येकासमोर 'काढा' असं बटण असतं. मुलाखत तासाभरावर आली, तिच्यासाठी एक नवीन पॅकेज बसवायचं, तर जागाच नाही!

"आई, काहीतरी काढा लागते. अंघोळ करून आली, की पाहते," म्हणाली आणि यादी तशीच उघडी टाकून गेली.

मी घरात असताना जागेसाठी सुनेनं अडायचं? मी ह्यांना हाक मारली. हे निवृत्त कारकून, इंग्रजी वाचतात. ह्यांनी वाचायचं, मी ठरवायचं. संसारही असाच झाला आमचा.

"हे चिनी अक्षरांचं आहे."

"चिनी कोण वाचते इथं? काढा!"

"हे प्रिंटरचं."

"प्रिंटर आहे का घरात?"

"नाही."

"मंग? काढा!"

"याचं तं नावच समजून नाही राहिलं वं. दुसऱ्या पॅकेजांले लागते म्हणते."

"वैशालीले कधी वापरताना पाहिलं?"

"नाही."

"काढा!"

तेवढ्यात एक पाटी आली : याच्यासोबत खालील पॅकेजंही जातील. खाली ही लांब रांग!

हे कचरले. "अवं, याच्यासंग लय जण चालले."

"चांगलंच आहे ना! एका फेरीत काम होते. दाबा!"

दाबलं. धो धो जागा झाली! मग बंद करून चालू केला. पडदा काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी.

"चित्रं कुठं गेली हो?"

"तूच काढाले लावली!"

वैशाली ओल्या केसांनी धावत आली. "आई, काय काढलं तुम्ही?"

"कोणी वापरत नव्हतं ते."

"अवो आई, बाकीचे सारे त्याच्याच भरवशावर चालून राहिले होते ना!"

तळातलं एक ओढलं, तर वरची सगळी उतरंड आली. चित्रं गेली, इंटरनेट गेलं. वैशाली रडली नाही, ओरडली नाही. तिनं आरडाओरडा केला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते. तिनं केस बांधले आणि ह्यांचा फोन मागितला, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही. (कॉम्प्युटरात मात्र भरपूर होती!)

शेवटी ह्यांच्या फोनवर मुलाखत लागली. फोन धरून उभी मी. साहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटरवरून का नाही?"

"घरातल्या एका माणसाकडून चुकून काही पॅकेजं निघाली, सर," वैशाली म्हणाली.

तिनं माझं नाव घेतलं नाही. ते मला सोसवेना. "मीच काढली जी! ती अंघोळीले गेली होती!"

पलीकडे हसू. "काहून काढली आजी?"

"जागा पाहिजे होती म्हणून."

"बरं, वैशाली, आमच्यासमोर परत बसवून दाखवा."

तिनं स्वतःचा फोन वायरीनं कॉम्प्युटरला जोडून इंटरनेट घेतलं. काय काय निघालं ते तिथंच नोंदलेलं असतं म्हणे. ती टपटप लिहीत गेली. तिची बोटं पाहण्याच्या नादात माझ्या हातातला फोन वर कलला, तसे साहेब म्हणाले, "आजी, आम्हाला पंखा दिसून राहिला, पडदा दाखवा." पडद्यावरची चित्रं परत आली तेव्हा मी खाली बसले.

नोकरी लागली. परवा मी तिला विचारलं, "तुले तिथं काम तरी काय असते वं?"

"लोकांनी नको ते काढलं, की परत बसवून द्यायचं."

ऐकून जीव भांड्यात पडला. "म्हणजे माझ्यासारखे पुष्कळ आहेत! त्याशिवाय का कोणी पगार देते?"

"आहेत ना," वैशाली म्हणाली. "पण आई, तुमच्याइतकं साफ अजून कोणाचंच पाहिलं नाही."