अंत्युखियाची फरशी

अमेरिकेत, श्रूजबरीला येऊन मला अकरा वर्षं झाली, आणि अंत्युखियातली एक फरशी आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे हे सांगायला नगरहून माझे वडील यावे लागले. काखेत कळसा म्हणतात तो हा असा.

पप्पांनी चाळीस वर्षं नगरला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुलांना बायबल शिकवलं. अंत्युखिया हे त्यातलं त्यांचं लाडकं शहर. येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा तिथे मिळालं. पप्पांच्या मते ते गावाने हिणवून ठेवलेलं नाव होतं आणि आपल्या लोकांनी ते खुशाल मिरवलं. शहर रोमनांच्या काळातलं, श्रीमंत. भूकंपात पडायचं आणि पुन्हा उभं राहायचं. गेल्या शतकात तिथे खोदकाम झालं, तेव्हा घराघरांतून रंगीत खड्यांच्या चित्रांच्या फरश्या निघाल्या. त्या देशोदेशी वाटल्या गेल्या, आणि त्यातली एक आमच्या शेजारच्या शहरातल्या संग्रहालयात आली.

तुर्कस्तानातलं ते शहर अलीकडच्या भूकंपात पुन्हा कोसळलं, तेव्हा पप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. “निदान फरशी तरी बघतो,” म्हणाले. मंडळीसमोर उभं राहून तसं जाहीर केलं, परत आल्यावर सगळं सांगेन असा शब्द दिला आणि सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले.

अडचण एकच होती. पप्पा रविवारी तिकीट काढून कुठेही जात नाहीत. उपासना, जेवण, थोडी झोप, पुन्हा प्रार्थना. मिशनरींच्या काळापासून आमच्या घरात ही शिस्त आहे. गावात सर्कस आली तरी रविवारी आम्ही घरात. आणि माझे शनिवार ऑफिसने खाल्लेले.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर तयार बसले होते. मी लॅपटॉपवरची नजर न काढता म्हटलं, “पप्पा, आजचं कॅन्सल करूया का? रिलीज अडकलंय. नेक्स्ट सॅटर्डे नक्की.”

“हरकत नाही, बाळा. काम आधी.”

पुढच्या शनिवारीही तेच झालं. मी बहाणे करत नव्हते, थकले होते. शुक्रवार संध्याकाळपर्यंत माझं चिपाड झालेलं असायचं, आणि चिपाडाला कसली आलीय रोमन फरशी. जून गेला, जुलै गेला. पप्पा दर शनिवारी शर्ट घालायचे आणि दुपारी मुकाट्याने बदलायचे. मला ते दिसायचं. त्याचाही रागच यायचा, हे कबूल करते.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी ऑनलाइन उपासना संपली आणि ते म्हणाले, “चल, आज जाऊन येऊ.”

“पप्पा, आज संडे आहे.”

“माहीत आहे मला.”

अमेरिकेने म्हाताऱ्याला जरा सैल केलं, असं मला वाटलं. हायसंही वाटलं, एक शनिवार वाचला म्हणून.

फरशी एका मोठ्या दालनाच्या जमिनीतच बसवली आहे. पप्पा तिच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि मान वळवून भलतीकडे, भिंतीकडे बघू लागले.

“पप्पा, फरशी खाली आहे.”

“तिलाच बघतोय. सरळ पाहिलं की मधोमध काळा डाग येतो. असं तिरकं पाहिलं की कडा दिसतात. वेलबुट्टी आहे ना?”

मी विचारलं, कधीपासून. “जुलैपासून वाढलंय. तुझी धावपळ चाललेली, त्यात दवाखान्याचं कुठे काढू? आता दर आठवड्याला आणखी कमी दिसतंय. पुढच्या शनिवारची खात्री वाटेना, म्हणून आज निघालो. देव समजून घेईल.”

सकाळची स्तोत्रं ते पुस्तक मिटून का म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं. मी त्याला पाठांतर समजून कौतुक केलं होतं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि रडायचंही त्राण नव्हतं.

“सॉरी, पप्पा,” एवढंच म्हटलं.

“ते राहू दे. मधलं काय आहे ते सांग.”

आम्ही बाकावर बसलो. मी सांगू लागले. मधोमध भाला घेतलेला शिकारी उभा आहे. भोवती घोडेस्वार, पळणारी जनावरं. एक वाघीण आहे. काही खडे निखळलेत, तिथे नुसतं पांढरं आहे. पप्पा मध्येच विचारायचे, घोड्याचा रंग कुठला, शिकाऱ्याचं तोंड कुणीकडे. मी उठून, वाकून बघून यायचे. माझं सगळं सांगून झालं.

“आता पुन्हा पहिल्यापासून सांग,” ते म्हणाले. “मंडळीत उभं राहून सांगायचंय. चूक व्हायला नको.”

मे महिन्यात आणलं असतं, तर यातला एक शब्दही मला सांगावा लागला नसता. “मधोमध शिकारी आहे,” मी म्हटलं, आणि पप्पा ओठांतल्या ओठांत ते पाठ करू लागले.