मुद्देमालातलं ऊन

मी पोलिसात होतो तेव्हाची ही घटना. तपास मात्र चोख झाला होता, हे आधीच सांगून टाकतो.

भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवरून भरदिवसा सहा सोलर पॅनेलं चोरीला गेली. वॉचमन म्हणाला, कंपनीचा माणूस टेम्पो घेऊन आला होता, गेट मीच उघडलं. यावर काय बोलणार, कप्पाळ?

मग समुद्राकाठच्या उत्तनमधून खबऱ्याचा फोन आला. तिथल्या एका ख्रिस्ती मच्छीमाराच्या छपरावर पॅनेलं चढली होती. नवी होडी पाण्यात घालायच्या आधी तिथे फादर पवित्र पाणी शिंपडतात, मग आप्तांना जेवण असतं. त्या मच्छीमाराच्या बायकोने पॅनेलांचंही तेच केलं होतं. चोरीचा माल माणूस ताडपत्रीखाली लपवतो, त्यावर जेवणं घालत नाही. बाईला काही माहीत नसणार, हे मला तेव्हाच कळलं.

घरी गेलो तर नवरा ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावून खाटेवर बसलेला. फुफ्फुसं कामातून गेली होती. तिकडे वारं सुटलं की वीज जाते आणि वीज गेली की मशीन बंद. बाईने भाईंदर पूर्वेची दुकानं पालथी घातली होती. नवी पॅनेलं परवडेनात. सरकारी अनुदानाला घर नावावर लागतं, ते अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर. स्वस्तातल्या लहान पॅनेलांवर पंखा फिरायचा, मशीन चालत नव्हती. शेवटी एका फिटरने निम्म्या किमतीत ‘कंपनीची जुनी’ पॅनेलं बसवून दिली, बॅटरीसकट.

फिटर कोण, असं विचारल्यावर तिने कौतुकाने मोबाइलमधला फोटो दाखवला. फादरच्या शेजारी मेणबत्ती धरून तो उभा होता. जेवायला नको म्हणत होता, हिनेच आग्रहाने थांबवला.

“देवमाणूस हाय, साहेब,” ती म्हणाली.

देवमाणसाला पोलीस ठाण्यात आणून बसवलं. भंगारातून घेतली, ही एकच टेप तो वाजवत राहिला. मागची स्टिकरं त्याने खरवडली होती, पण नंबर काचेच्या आतही असतो. तो सोसायटीच्या बिलाशी जुळवून दाखवला, तरी गडी बधेना. मग तो फोटो पुढे ठेवला. त्याने तो पालथा घातला.

“त्यांच्यासाठी चांगली बघून लावली होती, साहेब,” एवढंच बोलला आणि कबूल झाला.

पुढचं काम माझं. पंचनामा करून पॅनेलं बॅटरीसकट उतरवली. नवरा खाटेवरून बघत होता. बाईने विचारलं, आता यांचं कसं करू? मी पंचनाम्यावर तिची सही घेतली.

सोसायटीला ती नकोच होती, विम्यातून नवी बसली होती. मग हिलाच द्या म्हणून मी खटपट केली. सोसायटी म्हणे, आता माल विमा कंपनीचा. विमा कंपनी पत्राला उत्तर देईना. आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय मुद्देमालातली सुईही हलत नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली आणि तिचा नवरा गेला. बाहेर रखरखीत ऊन होतं. आमच्या ठाण्याच्या अंगणातही तेच ऊन होतं, आणि पॅनेलं भिंतीकडे तोंड करून उभी होती.

पुढे माल ओळखायला तिला बोलवावं लागलं. तिने पदराने एका काचेवरची धूळ पुसली, हीच म्हणाली, सही केली. जाताना थांबली.

“बिघडली न्हायत ना, साहेब?”

“नाही. चांगली आहेत.”

“मग लावा कुनाच्या तरी घरावर.”

या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. चोर सापडला की कुणाचं तरी भलं होतं, असं मी उभी नोकरी धरून चाललो होतो. इथे कुणाचं झालं, ते मला अजून सांगता येत नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशीही पॅनेलं तिथेच होती, भिंतीकडे तोंड करून.