चेन्चोचा पंचवीस वर्षांचा समुद्र

मोरोलेओनमध्ये शर्टांना काजं करून घ्यायची असली की लोक क्रेसेन्सिओ सावालाकडे जातात. लग्नाचा केक फुकटात हवा असला तरी त्याच्याकडेच जातात. सगळं गाव त्याला चेन्चो म्हणतं. आमच्याकडे लग्न एकट्या घराने पेलायचं नसतं. केकचा एक पाद्रिनो, बँडचा एक, नवरानवरी गुडघे टेकतात त्या उशांचा एक, असा खर्च वाटून देतात, आणि ज्याने खर्च उचलला तो जन्माचा कोंपाद्रे, म्हणजे मानलेला सोयरा, होतो. कोणी विचारायला आलं की शहाणा माणूस "बघू" म्हणतो, आणि विचारणारा काय ते समजून पुढच्या घरी जातो. चेन्चोला तेवढंही जमत नाही. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात तो चौदा केकांचा, नऊ बँडांचा आणि एका फुटबॉल संघाच्या मोज्यांचा पाद्रिनो झाला आहे.

भीड भिकेची बहीण, हे त्याची बायको हेरलिंदा त्याला तीस वर्षं सांगते आहे. तोही मान डोलावतो. तिलासुद्धा त्याच्याने नाही म्हणवत नाही ना!

सात वर्षांपूर्वी, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघं बसने इस्तापाला गेले. दोन दिवस, साधं लॉज. बसस्टँडवरच एका हसऱ्या मुलीने गाठलं. समुद्रकाठच्या मोठ्या क्लबात फुकट नाश्ता, वर बोटीची फेरी, बदल्यात फक्त नव्वद मिनिटं माहिती ऐकायची. हेरलिंदा म्हणाली, "फुकट काय असतं रे जगात?" तोवर चेन्चो त्या मुलीला नाव सांगून मोकळा झाला होता.

नाश्ता मात्र खरंच चांगला होता. चिलाकिलेस म्हणजे हिरव्या रश्श्यात भिजवलेले मक्याच्या पोळीचे तुकडे, अंडी, पपई, गरम पाव. चेन्चोने दोनदा वाढून घेतलं. मग फाब्रिसिओ नावाचा इस्त्रीच्या शर्टातला तरुण खुर्ची ओढून शेजारी बसला. मुलं किती, काय करतात, शेवटचे सगळे एकत्र कधी बसला होतात, अशी घरच्यासारखी चौकशी करून त्याने पान उलटलं. दरवर्षी एक आठवडा या क्लबातली खोली, पंचवीस वर्षं. हॉटेलात घातलेले पैसे पाण्यात जातात, हे मात्र तुमच्या कुटुंबाचं स्वतःचं. हेरलिंदाने टेबलाखालून पाय मारला.

"चल, निघू या."

"अगं, त्याचं खाल्लंय आपण," चेन्चो कुजबुजला.

"चार अंडी खाल्लीस. त्याची गाय नाही खाल्लीस."

खाल्ल्या मिठाला जागायचं, ही चेन्चोच्या आईची शिकवण. त्या बिचारीला काय ठाऊक, की पुढे कंपन्या मीठ हातात घेऊनच दारात उभ्या राहणार आहेत! आवळा देऊन कोहळा काढायचा हा धंदा, आणि आमचा चेन्चो म्हणजे वेलावरचा तयार कोहळा. नव्वद मिनिटांचे तीन तास झाले आणि त्याने सही केली. कोणीतरी घंटा वाजवली, सगळ्या टेबलांनी टाळ्या पिटल्या, प्लास्टिकच्या पेल्यातून फेसाळ दारू आली. बोटीची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली.

परतीच्या बसमध्ये हेरलिंदाने अर्धा रस्ता कराराची पानं उलटली. मग तिने एवढंच विचारलं, "आणि मशीन?"

काजं करायचं दुसरं मशीन घ्यायला जे साठवलं होतं ते सगळं पहिल्या हप्त्यात गेलं होतं. जुनं मशीन सासऱ्याच्या वेळचं, दर दहाव्या काजाला टाका गाळणारं. ते आजही तेच आहे आणि आजही टाका गाळतं.

कुटुंबासाठी हा सौदा चांगला की वाईट, यावर आमच्या गावात न्हाव्याच्या खुर्चीपासून चर्चच्या पायरीपर्यंत चर्चा झाली आहे. मी म्हणतो, चर्चा कसली करायची? ईस्टरच्या पवित्र आठवड्यात सगळा देश समुद्रावर जातो, त्या आठवड्यासाठी चेन्चोने अकरा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला फोन केला. संगीत ऐकवून बाई म्हणाली, भरलं. नाताळ? भरलं. मग ऑगस्ट घ्या, ती म्हणाली. ऑगस्टमध्ये साऱ्या मोरोलेओनात शाळेचे शर्ट शिवले जातात आणि प्रत्येक शर्टाला सात काजं असतात. तेव्हा चेन्चो जेवायला उठत नाही, तो समुद्रावर कुठला जातोय! उरले सप्टेंबर आणि ऑक्टोबर. नातवंडांच्या शाळा तेव्हा चालू, आणि आभाळ फाटायचं तेही तेव्हाच. एकदा दोघंच गेली, तर वादळाने चार दिवस खोलीत कोंडून घातलं. देखभालीची वर्गणी मात्र दरवर्षी वाढून येते, तुम्ही जा नाहीतर जाऊ नका.

आणि ते 'कुटुंब'! कंपनीच्या लेखी कुटुंब म्हणजे चार माणसं. चेन्चोच्या मुलाच्या, रुतिलिओच्या, घरातच पाच आहेत. चौघांनी मनगटाला पट्टा बांधून आत जायचं आणि बाकीच्यांनी काय, फाटकातून वास घ्यायचा? कोंपाद्रे लिब्रादो दरवर्षी प्लाया आसुलच्या किनाऱ्यावर एक खोली भाड्याने घेतो, त्यात सासू आणि कुत्र्यासकट अकरा जणांना कोंबतो, अंगणात माशांचा रस्सा शिजवतो. तो एकदा म्हणाला, "कोंपाद्रे, तुम्ही नुसती वर्गणी भरता ना, तेवढ्यात मी दोनदा जाऊन येतो. आणि मला कोणी फोनवर संगीत ऐकवत नाही."

विकायला काढलं तर कोणी घेईना. फुकट द्यायला काढलं तरी घेईना. लिब्रादोच्या पुतणीच्या लग्नासाठी चेन्चोला केक मागायला माणसं आली, तेव्हा त्याला वाटलं, हीच संधी. तो म्हणाला, "या वेळी मी मधुचंद्राचा पाद्रिनो होतो. अख्खं सदस्यत्वच नवरानवरीच्या नावे करून देतो." घरभर टाळ्या. तीन दिवसांनी नवरीचा बाप करार वाचून परत घेऊन आला. टोपी हातात धरून म्हणाला, "कोंपाद्रे, राग मानू नका. तुम्ही आपला केकच द्या." चेन्चोने केक दिला.

यंदा मात्र चेन्चो त्या सप्टेंबरच्या आठवड्याची बोटांवर दिवस मोजत वाट पाहत होता. त्याची मुलगी नेरेइदा तिहुआनात, पार उत्तरेच्या टोकाला, नर्स आहे. तिची मुलगी आब्रिल तीन वर्षांची झाली, पण चेन्चोने तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. नेरेइदाच्या इस्पितळाने तिला प्रशिक्षणासाठी राजधानीत पाठवलं होतं, आब्रिलही बरोबर होती, आणि तिथून तिला एक रविवार मोकळा मिळाला. मोरोलेओनला येणं-जाणं एका दिवसात बसेना. सकाळच्या विमानाने सिवातानेहोला उतरून दुपारच्या विमानाने परत जाणं जमत होतं, आणि तिथून इस्तापा हाकेच्या अंतरावर. सात वर्षांत पहिल्यांदा तो करार उपयोगी पडणार होता.

"आजोबा, समुद्र खारट असतो?" आब्रिलने फोनवर विचारलं होतं.

"तू चाखून सांग मला. समुद्रात पहिला पाय आपण दोघांनी बरोबर ठेवायचा. कबूल?"

"कबूल."

रुतिलिओ मशीन सांभाळायला मागे राहिला आणि शनिवारी संध्याकाळी चेन्चो-हेरलिंदा इस्तापाला पोहोचले. स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने दोघांना पट्टे बांधले. नेरेइदाचे आणि आब्रिलचे पट्टे ती देईना. तुमच्या फाइलची नोंद जुनी आहे, ती म्हणाली, उद्या नऊला सदस्यांची छोटीशी बैठक आहे. अर्धा तास, नाश्ताही आहे. ती झाली की पाहुण्यांचे पट्टे लगेच. आणि चेन्चोचं मतदार ओळखपत्र तिने फाइलला लावून ठेवून दिलं.

"जाऊ नकोस, म्हाताऱ्या," हेरलिंदा खोलीत म्हणाली. "वाळू काही कुणाच्या बापाची नाही. क्लबाच्या दोरीच्या पलीकडे चादर टाकू आणि बसू चौघं."

"अगं, पोरीला तो घसरगुंडीचा तलाव पाहू दे की. सात वर्षं पैसे भरतोय. एक दिवस तरी वसूल होऊ दे."

"वसूल! सात वर्षं हेच ऐकतेय." मग तिने उसासा टाकला. "ठीक आहे. पण तिथे काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. खाल्लंस की तू मेलास."

तिने पहाटे उठून घरून आणलेल्या गोर्दिता, जाड भरल्या भाकऱ्या, तव्यावर गरम केल्या आणि त्याला चार खायला लावल्या. नेरेइदाचा फोन येईल, फोटोही काढायचे, म्हणून दोघांतला एकुलता फोन तिच्याकडेच राहिला. विमान साडेआठला उतरणार होतं. निघायची वेळ पावणेदोन.

बैठकीच्या खोलीत फाब्रिसिओच होता. आता पोट सुटलेलं आणि साहेब झालेला. त्याने चेन्चोला मिठीच मारली. "क्रेसेन्सिओसाहेब! घरचे कसे? नेरेइदा कशी आहे?" कागदावर लिहिलेलं नाव त्याने वाचलं असणार, तरी चेन्चोला बरं वाटलं. समोर ताट आलं. तेच चिलाकिलेस.

"खाऊन आलोय."

"कॉफी तरी?"

"नको."

"एवढीशी पपई? माझा मान म्हणून?"

चेन्चोने दोन्ही हात मांडीखाली घेतले. फाब्रिसिओ बोलू लागला. जुनं सदस्यत्व म्हणजे आता अडगळ, म्हणाला. नवं घेतलं की पवित्र आठवडा मिळणार, चाराऐवजी आठ माणसं, वर चाळीस वर्षांची मुदत. "म्हणजे नातीलासुद्धा राहील. तिचं नाव काय?" चेन्चोने नाव सांगितलं आणि फाब्रिसिओने ते अर्जावर लिहूनसुद्धा टाकलं.

"बघू," चेन्चो म्हणाला.

मोरोलेओनमध्ये इथे विषय संपला असता. फाब्रिसिओ म्हणाला, "छान! बघू या ना," आणि त्याने आणखी एक कागद काढला. मग त्याचा वरिष्ठ आला. मग एक बाई आली, तिने किंमत निम्मी केली. प्रत्येकजण आल्यावर आधी ताट पुढे सरकवायचा आणि मग विचारायचा, अडचण काय आहे साहेब? नातीवर प्रेम नाही का? कसलं निलाजरं तोंड हे! ज्या नातीला भेटायचं म्हणून तो तळमळत होता तिच्याच नावाने त्याला अडकवून ठेवलं होतं. खोलीत घड्याळ नव्हतं. काचेतून तलाव दिसत होता, समुद्र दिसत नव्हता. ओळखपत्र कुणाच्या हातात आहे हे कोणी सांगेना. उठून चालू पडावं असं त्याला वीस वेळा वाटलं. पण समोरचा बोलत असताना उठायचं कसं? आणि पोरीचा पट्टा?

"बघू," तो म्हणायचा. "बघू, साहेब. बायकोला विचारतो."

"फोन करून बोलावू या का त्यांना?"

शेवटी फाब्रिसिओने पेन उघडून त्याच्या बोटांत ठेवलं. चेन्चोने अर्जाकडे पाहिलं. पहिल्याच ओळीत आब्रिलचं नाव होतं, तेही 'व'ने लिहिलेलं. 

"नाही," तो म्हणाला.

इतकं हळू, की फाब्रिसिओने कान पुढे केला.

"नाही! नको मला. माझं कार्ड द्या."

सगळ्या टेबलांवरचे चमचे थांबले. फाब्रिसिओचं हसू दिवा मालवावा तसं गेलं. त्याने पेन काढून घेतलं, पपईची बशी उचलली आणि हात न मिळवताच दाराकडे बोट केलं. कार्डासाठी एक खिडकी, पट्ट्यांसाठी दुसरी रांग. चेन्चोने तेही केलं. पण पावलं हलकी झाली होती. नाही म्हटलं आणि आभाळ कोसळलं नाही, हे एकोणसाठाव्या वर्षी त्याला कळलं होतं. मोठा निळा पट्टा खिशात आणि छोटा गुलाबी हातात घेऊन तो तलाव ओलांडत वाळूत पळत सुटला. हेरलिंदाला आधी हेच सांगायचं होतं.

ती दोरीच्या पलीकडे, सगळ्यांच्या वाळूत, एकटी चादर झटकत होती. तिचा घागरा मांड्यांपर्यंत ओला होता.

"कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"गेल्या. पावणेदोनला टॅक्सी आली. तरी दहा मिनिटं थांबवली नेरेइदाने."

"मला बोलवायचंस ना!"

"मी तीनदा आले दाराशी. बैठक चालू आहे म्हणाले. रखवालदार आत सोडेना."

तो वाळूत बसला. श्वास लागला होता. "मी नाही म्हणालो," तो म्हणाला. "त्याला. तोंडावर."

हेरलिंदाने चादर झटकायची थांबवली. तीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो असा, या दिवशी आला होता. "एवढासा शब्द," ती म्हणाली. "त्याला पाच तास?"

हातातल्या गुलाबी पट्ट्यावरची वाळू झटकत त्याने विचारलं, "समुद्रात गेली ती?"

"आधी जाईना. आजोबांबरोबर कबूल आहे म्हणाली. बारा वाजेपर्यंत इथे काठावर बसून राहिली बूट घालून. मग मीच नेलं उचलून." तिने चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "सारखी विचारत होती, आजोबा कुठायत, आजोबा कुठायत. काय सांगू? सांगितलं, आजोबा तुझ्यासाठी समुद्र विकत घ्यायला गेलेत."

"मग?"

"मग तिने पाण्याकडे बोट केलं. म्हणाली, मग हा कुणाचा आहे?"

 कराराची अजून अठरा वर्षं बाकी होती.