गळ्यापासून तळपायापर्यंत

प्रफुल्लला खरूज झाली ती रंजिताच्या माहेरची, हा निकाल सुमनबाईनं अंगणात उभं राहून, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात दिला.

"भांडी दोनदा घासतो आमी. माह्या घरात हे घाण येईनच कुठून?"

रंजिता लग्न होऊन नवेगाव बांधजवळच्या या गावात आली, त्याला २००८च्या दिवाळीत सहा वर्षं झाली होती. नवरा खुशाल कोहमाऱ्याहून तांदळाचा ट्रक चालवी आणि पंधरवड्यानं घरी येई. सासरे नव्हते. घरात ती, चार वर्षांचा मुलगा प्रफुल्ल आणि सासू सुमनबाई. सासूला ती मामी म्हणे.

सोळा दिवसांवर गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, आली होती. मंडई म्हणजे घर पाहुण्यांनी भरणार, नाटक पाहायला आलेली लेकरं एका वाकळीखाली दाटीवाटीनं झोपणार. अशात नातवाच्या बोटांच्या बेचक्यांतले पिकलेले फोड कोणी पाहिले, तर सुमनबाईचं नाक कापलं जाणार. तिनं रंजिताच्या भावाला, संघदीपला, फोन करवला. मंडईच्या दोन दिवस आधी ये, बहीण आणि भाचा घेऊन जा, खाज गेली की पाहू.

पाहू म्हणजे कधी, ते तिनं सांगितलं नाही. रंजिताला मात्र समजायचं ते समजलं. एकदा या कारणानं उंबरा ओलांडला, की परत आली तरी गावात ती जन्मभर खरूजवालीच राहणार होती.

तसं औषध घरात होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईनं महिन्याआधी पांढऱ्या औषधाची बाटली दिली होती. पण ती ताब्यात घेतली सुमनबाईनं, आणि सुमनबाई पडली तेलाचा थेंबही मोजून वापरणारी. काडीला कापूस गुंडाळायचा आणि फोड दिसेल तिथं एक टिंब द्यायचं. दोन फोड सुकले की दुसरीकडे चार उठत. महिनाभर टिंबं देऊनही बाटली अर्धी उरली होती, याचा तिला अभिमान होता.

रंजिता पुन्हा उपकेंद्रात गेली. नर्सबाईनं कपाळाला हात लावला.

"अगं, टिळे लावायचं औषध आहे का ते? खरजेचा किडा कातडीत घर करतो, डोळ्यांना दिसत नाही. आंघोळ करून गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं. काखा, बेंबी, बेचक्या, नखांच्या कडा, काही सोडायचं नाही. पोराला तेवढंच पाणी मिसळून. चोवीस तासांनी आंघोळ, आठ दिवसांनी पुन्हा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी."

"ज्याले खाजत नाही त्यानंबी?"

"त्यानं तर नक्कीच. खाज सुटायला कधी महिना लागतो. एक जण जरी राहिला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. कपडे, वाकळी उकळत्या पाण्यातून काढ आणि कडक उन्हात टाक."

रंजितानं चार बाटल्या आणल्या. दिवस धरला तो खुशाल येणार होता तो शनिवार.

शनिवारी सकाळी तिनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि धान उकडायचा मोठा गंज ओढत बाहेर काढला. वाकळ मावेल असं दुसरं भांडं घरात नव्हतं.

"काऊन वं, धानाच्या गंजात लुगडी टाकून राहिली? अन्न शिजते त्यात!"

"घासून देईन जी मामी. दोनदा घासतो ना आपण?"

सुमनबाई सूप घेऊन ओसरीवर जाऊन बसली.

खुशाल आला तेव्हा अंगणभर वाफ कोंदली होती.

"आज सतरंज्यांचा भात हाय काय?"

"शर्ट काढा," रंजिता म्हणाली.

"इथं? अंगणात?"

"इथंच. मामी, जरा इकडं या जी."

गेल्या खेपेला तो झोपेत कमर खाजवत होता, हे रंजिता विसरली नव्हती. त्याच्या कमरेभोवती, काखेत, बेंबीपाशी फोडच फोड होते. खाजवून खाजवून काळे पडलेले.

"कधीपासून हाय हे?"

"पोळ्याच्या आधीपासून असंल. मले वाटलं, घामोळ्या. क्लीनरलेबी हाय, मुन्नालालले. केबिनमंदी दोघांत एकच कांबळा हाय ना आमचा."

"आन मी माहेरी कधी गेली होती?"

"तू? उन्हाळ्यात गेली तं गेली. त्याचं काय?"

चुलीवर गंज खदखदत होता. ज्या दोन घरांना आधीचा निकाल ऐकू गेला होता, त्या दोन्ही घरांतल्या बाया कुडापाशी येऊन उभ्या होत्या. सुमनबाईनं लेकाकडं पाहिलं, मग त्या बायांकडं.

"तुमाले घरी कामं नाहीत का वं?" म्हणाली आणि आत निघून गेली.

संध्याकाळी खुशाल औषधाच्या जळजळीनं अंगणभर नाचला. बापाची ती गत पाहून प्रफुल्ल हसत हसत आपली पाठ पुढं करून उभा राहिला. रंजितानं स्वतःला लावून घेतलं. राहिली सुमनबाई.

"मले कायले? मले काही झालं नाही."

आठ दिवसांपासून ती तांदूळ पाखडताना मध्येच सूप खाली ठेवून लुगड्याच्या गाठीखाली खाजवत होती. रंजितानं ते पाहिलं होतं. आता मोठ्यानं म्हणून दाखवलं असतं तर सहा वर्षांचं उट्टं निघालं असतं. बाया कुडापाशीच होत्या. तिनं दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "मंडईत पाहुण्यांची सारी लेकरं तुमच्याच कुशीत झोपतेत जी मामी."

सुमनबाईनं पदर खाली घेऊन सुनेकडं पाठ केली.

"पाठीले तू लाव. माहा हात नाही पोचत. आन सांडू नको."

रंजितानं बाटली हातावर पालथी केली. टिंब नाही, ओंजळभर.

आठ दिवसांनी दुसरा हात झाला. खुशालनं एक बाटली ट्रकमध्ये नेली, मुन्नालालला उभा चोपडला आणि ढाब्यावरच्या भट्टीवर कांबळा उकळला म्हणून शिव्याही खाल्ल्या. खाज लगेच गेली नाही. काही दिवस राहील, असं नर्सबाईनं सांगितलंच होतं. पण नवा फोड कोणाच्याच अंगावर उठला नाही.

मंडईच्या दोन दिवस आधी संघदीप मोटारसायकल घेऊन आला. तोंड उतरलेलं.

"ताई, सामान बांधलं काय?"

"कायचं सामान?" सुमनबाईच पुढं झाली. "मंडई पाहाले आला ना गा तू? बस. चार दिवस राहा."

"पण तुमीच तं फोन करून..."

"मंग? आवतन फोनवर देत नाहीत काय?"

पाणी घेऊन आलेल्या रंजितानं सासूचं म्हणणं खोडलं नाही. हसू मात्र लपवलं नाही.

त्या मंडईत घरात अकरा पाहुणे झोपले. पाच लेकरं सुमनबाईपाशी.

पुढच्या वर्षी नववी शिकलेली रंजिता गावची आशा कार्यकर्ती झाली. पहिल्याच महिन्यात एक बाई पोराला कडेवर घेऊन दारात आली. पोर बोटांत खाजवत होतं.

"याले औषध दे वं."

रंजितानं पोराचा हात उलटासुलटा करून पाहिला.

"घरी किती जण झोपता?"

"सात."

"मंग साताही जणांले घेऊन उपकेंद्रात चाल," रंजिता म्हणाली. "सासूले आधी."