भगताचा दोरा

शहापूरच्या एका लॅबमध्ये मी नोकरीला आहे. आमच्या घरात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा मीच पहिला.

सिद्धगडाखालच्या पाड्यावरची एक बाई नवऱ्याला घेऊन रिपोर्ट न्यायला आली. त्याच्या मानेवरची गाठ वाढू नये म्हणून भगताने गाठीवरून मानेभोवती काळा दोरा बांधला होता. गाठ वाढली, की बाई दोरा सोडून पुन्हा सैल बांधायची.

"बैल केलाय हिनं माझा," नवरा हसत म्हणाला.

डॉक्टरांचं बोलणं तिला कळलं नव्हतं, म्हणून मी समजावलं, "मावशी, या पेशी आपोआप एकीच्या दोन होतात. मानेतून निघून आता छातीतही गेल्यात."

"चालतात पन त्या?"

"हो." कॉलेजात हेच मी आनंदाने पाठ केलं होतं.

तिने दोरा सोडला आणि नवऱ्याच्या छातीभोवती धरून पाहिला.

"पुरत नाय रे, दादा," ती म्हणाली.